गावात मुलामुलींचा कट्टा उभा करताना : आधी किल्ली, मग रंग

गावातल्या शाळकरी मुलांनी स्वतःसाठी बसण्या-खेळण्याची जागा करायची ठरवली, की क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. आधी भिंत रंगवतात. मग कॅरम येतो, उद्घाटन होतं, फोटो फिरतात. तिसऱ्या महिन्यात दाराला कुलूप लागतं आणि आत पुन्हा लग्नाच्या खुर्च्या रचल्या जातात.

हौस कमी पडते म्हणून हे होत नाही. खोली कोणाच्या मालकीची, किल्ली कोणाकडे आणि रोज संध्याकाळी दार उघडणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतात म्हणून होतं. ही उत्तरं आधी कशी मिळवायची, ते या लेखात क्रमाने दिलं आहे. लेख आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या मोठ्यांसाठी आहे. उदाहरण ग्रामपंचायतीचं घेतलं आहे. नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जाईल आणि ग्रामसभा नसेल, बाकी क्रम तोच.

वेळेचं गणित सुरुवातीलाच सांगतो. जून-जुलैत टोळी आणि विचारपूस, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, पाऊस थांबल्यावर दुरुस्ती, दिवाळीनंतर दार उघडायचं. जानेवारीत सुरू केलेला कट्टा फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेत हमखास बंद पडतो.

## १. टोळी जमवा, पण चुकीची नको

आठ ते दहा जण पुरेत. निम्म्या मुली हव्यातच. शोभेला नव्हे, तर पुढची अर्धी कामं त्यांच्याशिवाय होणार नाहीत म्हणून. गावठाण, वाड्या, वस्त्या, प्रत्येक ठिकाणचा किमान एक जण घ्या. शाळा सोडून गॅरेजात किंवा शेतात कामाला लागलेला एखादा मुलगाही घ्या. संध्याकाळी मोकळा असणारा तोच असतो.

दहावी-बारावीतल्यांना प्रमुख करू नका. सगळ्यात उत्साही तेच असतात, पण डिसेंबरपासून ते दिसेनासे होतात आणि जूनमध्ये तालुक्याच्या कॉलेजात जातात. आठवी, नववी आणि अकरावी यांच्यावर भार ठेवा.

सोबत दोन मोठी माणसं लागतील, त्यांतली एक बाई असावी. कारण साधं आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही आणि ग्रामसभेत मत फक्त मतदारांना असतं. सही, बँक आणि मतदान या तीन ठिकाणी मोठेच लागतात. आशाताई, बचत गटातली कोणी, निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल असे कोणीही चालतील. विद्यमान सदस्य किंवा गेल्या निवडणुकीत पडलेला उमेदवार मात्र नको. कट्ट्याला एका पॅनलचा शिक्का बसला की दुसऱ्या पॅनलच्या घरातली मुलं यायची बंद होतात.

तपासा : दोन्ही मोठ्यांना एकच प्रश्न विचारा, "काका, आठवड्यातून कोणत्या दोन संध्याकाळी तुम्ही नक्की याल?" वार न सांगता "येईन की कधीही" म्हणणारा माणूस हितचिंतक म्हणून ठेवा, सहीसाठी दुसरा शोधा.

## २. "काय हवंय?" विचारू नका

सर्वेक्षण म्हटलं की मुलं गूगल फॉर्म करतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "तुम्हाला कट्ट्यावर काय हवं?" उत्तरं ठरलेली असतात : वायफाय, जिम, टर्फ. अशा यादीचा काडीचा उपयोग होत नाही.

त्याऐवजी घरोघरी किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत एवढंच विचारा, "काल शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कुठे कुठे होतास?" मुलग्यांची उत्तरं साधारण पार, एसटी स्टँड, पानटपरीचा बाक, मैदान अशी येतील. मुलींच्या उत्तरांत घर, पाणी, क्लास, धाकट्या भावाला सांभाळणं हेच जास्त असेल. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की कट्टा मुळात कोणाला नाही, ते दिसतं. पुढे ग्रामसभेत "कशाला पाहिजे? पार आहे की" असं कोणी म्हणालं, तर हाच कागद वाचून दाखवायचा.

मुलींशी मुलींनीच बोलावं, आणि घरात आई असताना. आईला दोन प्रश्न वेगळे विचारा : किती वाजेपर्यंत पाठवाल, आणि तिथे कोण असलं तर पाठवाल? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांतली सगळ्यात लवकरची वेळ ती तुमची बंद करायची वेळ. सरासरी काढू नका. सात म्हणणाऱ्या आया चार असल्या आणि तुम्ही साडेसात ठरवली, तर त्या चार मुली गेल्याच म्हणून समजा.

चाळीस-पन्नास जणांशी बोलणं झालं की थांबा. त्यानंतर नवं काही कळत नाही.

## ३. जागा : आधी उतारा, मग मोजपट्टी

गावात रिकाम्या दिसणाऱ्या खोल्या पुष्कळ असतात. रिकामी दिसते म्हणजे मिळेलच असं नाही. प्रत्येकीचा मालक वेगळा, म्हणून अर्जाचा रस्ताही वेगळा.

ग्रामपंचायतीची जुनी चावडी किंवा समाजमंदिर असेल, तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. मिळकत क्रमांक आणि मालकाचं नाव त्यावर असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची वापरात नसलेली खोली असेल, तर सरपंचांनी "घ्या की" म्हणून भागत नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करावी लागते, आणि पुढे पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. देवळाचा सभामंडप ट्रस्टचा असतो. गायरानावर शेड टाकायचा विचार डोक्यातूनच काढा, ते अतिक्रमण ठरतं.

समाजमंदिराबद्दल स्पष्टच बोलायला हवं. ते ज्या वस्तीत आहे, तिथे दुसऱ्या आळीतले आईबाप मुलांना पाठवतील का? आणि ज्या वस्तीसाठी ते बांधलं, तिला विचारलंय का? दोन्ही प्रश्न त्या त्या घरात जाऊन विचारा. उत्तर "नाही" आलं, तर मधल्या जागेवर, म्हणजे शाळा, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीची मागची खोली यांवर भर द्या. जातीचा विषय टाळून जागा निवडली, तर तो विषय रिकाम्या सतरंजीच्या रूपाने पुढे येतो.

मग मोजपट्टी. २० फूट बाय १५ फुटांच्या खोलीत कपाट-बाक सोडून वीस मुलं बरी बसतात. कॅरमभोवती चौघे बसायला साधारण सात फूट बाय सात फूट जागा जाते. टेबल टेनिसचं टेबल ९ फूट बाय ५ फूट असतं, आणि दोन्ही बाजूंनी खेळायला जागा सोडली की वरची खोली संपली. चौघे खेळणार आणि सोळा जण भिंतीला टेकून बघणार. लहान खोलीत ते घेऊ नका, देणगीत मिळालं तरीसुद्धा.

तपासा, भर पावसात : छत कुठे गळतं? भिंतीला ओल किती उंचीपर्यंत आहे? स्वच्छतागृह आहे का, त्याला आतून कडी आहे का, पाणी येतं का? दारापासून मुख्य रस्त्यापर्यंत दिवा आहे का? यात स्वच्छतागृह नसेल आणि शेजारी सोयही नसेल, तर ती जागा सोडून द्या. मुली पहिल्या आठवड्यात येतील, दुसऱ्यात येणार नाहीत, आणि कारण कोणीही तोंडाने सांगणार नाही.

## ४. अर्ज आणि ग्रामसभा

सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते. मुलं सरपंचांना भेटतात, ते चहा पाजतात, "करून टाकू" म्हणतात, आणि मुलं त्याला परवानगी समजतात. दोन वर्षांनी पॅनल बदललं की नवे सरपंच विचारतात, कागद कुठाय?

कागदाचा क्रम असा :

क) लेखी अर्ज. दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन जपून ठेवायची. विषयाची ओळ मोघम नको. अशी लिहा :

*विषय : ग्रामपंचायत मालकीची मिळकत क्र. ___ येथील खोली गावातील १३ ते १८ वयोगटातील मुलामुलींना दररोज सायंकाळी ५ ते ७ या वेळेत वापरण्यास देणेबाबत, व सदर विषय दि. ___ रोजीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेणेबाबत.*

या ओळीतला दुसरा भाग विसरू नका. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि विषयपत्रिका त्याच्याही आधी तयार होते. तुमचा विषय तिच्यात नसला, तर तो "ऐनवेळचे विषय" म्हणून शेवटी येतो. तोवर निम्मी माणसं घरी गेलेली असतात आणि उरलेली रस्ता-गटारावरून हमरीतुमरीवर आलेली असतात. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) गाठा आणि "भाऊसाहेब, पत्रिकेवर कितवा विषय आहे आमचा?" असं विचारून घ्या.

ख) सभेआधीची तयारी. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. पुन्हा भरणाऱ्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, तेव्हा निराश न होता पुढची तारीख विचारा. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. मुलींनी आपापल्या आयांना घेऊन तिथे विषय मांडावा. तिथे मान्य झालेला विषय मोठ्या सभेत सहसा कोणी उडवून लावत नाही.

ग) सभेत. तुम्हाला मत नाही, पण बोलता येतं. अध्यक्षांची परवानगी घेऊन दोघांनी मिळून चार मिनिटं बोला. त्यात तीन गोष्टी हव्यात : विचारपुशीत काय आढळलं, कोणती खोली हवी आणि किती वेळ, आणि जबाबदार मोठे कोण. पैशाची मागणी या सभेत करू नका. खोली आणि पैसा एकदम मागितला की चर्चा पैशावर जाते आणि खोलीही लांबते. सूचक आणि अनुमोदक कोण होणार, हे आधीच ठरवा, आणि दोघे दोन गटांतले असतील असं बघा.

घ) ठराव. मंजूर झालं म्हणून टाळ्या वाजवून निघू नका. ठरावात पुढच्या गोष्टी आल्या आहेत का, ते वाचून घ्या :

- खोलीचा मिळकत क्रमांक, वार आणि वेळ
- वीजबिल कोण भरणार
- किल्ल्या कोणाकडे
- मुदत आणि आढावा, उदा. एक वर्ष
- लग्न, दशक्रिया, लसीकरण, मतदान केंद्र अशा दिवशी खोली सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून परत मिळायची

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण लग्नसराईत खोली गेली, मांडववाल्याचं सामान पंधरा दिवस पडून राहिलं आणि मुलांची सवय मोडली, हे फार ठिकाणी घडतं.

थांबा : ठरावाची नक्कल सही-शिक्क्यानिशी हातात येईपर्यंत रंगाचा डबासुद्धा विकत घेऊ नका.

## ५. पैसा

आधी हे समजून घ्या की लोकांकडून जाहीर वर्गणी गोळा करणं हे नुसतं पावतीपुस्तक छापण्याइतकं सोपं नाही. नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक कामासाठी वर्गणी मागायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. एका खोलीसाठी संस्था नोंदवण्याच्या भानगडीतही पडू नका. हिशेबतपासणी आणि दरवर्षीची कागदपत्रं गळ्यात पडतात.

त्यापेक्षा दोन वाटा बऱ्या. पहिली, ग्रामपंचायतीनेच खर्च करावा. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. या रकमेतून यंदा काय घेतलं, हे नम्रपणे विचारा. मोठी दुरुस्ती असेल तर ती गावाच्या विकास आराखड्यात टाकून घ्या. हा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या काही आठवड्यांत आकार घेतो. तेव्हा नाव आलं नाही, तर साधारण वर्षभर थांबावं लागतं.

दुसरी वाट वस्तूंची. रोख मागू नका, वस्तू आणि हात मागा. गवंड्याचा एक दिवस, हार्डवेअरवाल्याकडून दोन डबे रंग, कोणाच्या माळ्यावरचं लोखंडी कपाट. प्रत्येक वस्तू वहीत लिहा : काय, कोणाकडून, कधी, आणि परत द्यायची आहे की कायमची. उसनी सतरंजी आणि देणगीतली सतरंजी यांत घोळ झाला की भांडण ठरलेलं.

देणाऱ्याचं नाव भिंतीवर नको. आज एका नेत्याचं लागलं, की उद्या दुसऱ्याचं लावावं लागतं.

## ६. दुरुस्ती : वरून खाली

क्रम बदलू नका : छत, स्वच्छतागृह, वायरिंग, दार-खिडक्या, मग रंग, मग सामान.

छत पावसाळा संपताच. रंग मात्र भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे बहुतेक गावांत दिवाळीच्या आसपास. ओल्या भिंतीवर डिस्टेंपर मारला तर महिन्याभरात पोपडे सुटतात. तळहात टेकवून भिंत गार आणि दमट लागली, तर अजून थांबा.

वायरिंगला मुलांनी हात लावायचा नाही. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डावर एमसीबीसोबत आरसीसीबी बसवून घ्या. विजेचा झटका लागताच पुरवठा तोडणारं हे यंत्र जुन्या इमारतींत बहुधा नसतं. उघडे होल्डर आणि खिळ्यावर टांगलेला एक्स्टेन्शन बोर्ड लगेच काढा.

दाराबाहेर दिवा लावा, आतल्या ट्यूबलाइटच्याही आधी. रस्त्याच्या बाजूची खिडकी उघडीच राहील अशी करा. येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं दिसत राहिलं, की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

सामान सुरुवातीला कमीच घ्या : दोन सतरंज्या, एक कॅरम, बुद्धिबळाचे दोन पट, फळा-खडू, वर्तमानपत्र, कुलपाचं कपाट, पाण्याचा माठ, झाडू. टीव्ही घेऊ नका. रिमोट एकाच्याच हातात राहतो आणि बाकीचे मुकाट बसतात.

## ७. किल्ली, वही आणि नियम

किल्ल्या तीन. एक ग्रामपंचायतीत, एक जबाबदार मोठ्या बाईंकडे, एक त्या आठवड्याच्या जोडीकडे. जोडीत एक मुलगा आणि एक मुलगी, किंवा दोन मुली. दर रविवारी किल्ली हस्तांतर, वहीत सही करूनच. कायमचा किल्लीवाला नेमला तर तो महिन्याभरात मालक होतो आणि मित्र असतील तरच दार उघडतो.

वहीला पाचच रकाने : तारीख, उघडलं किती वाजता, कोणी, किती आले (मुलं किती, मुली किती), बंद किती वाजता. याहून जास्त रकाने केले की कोणी भरत नाही.

नियम एका पानात मावतील एवढेच आणि मोठ्या अक्षरात. तंबाखू-गुटखा-मावा आत नाही, पैसे लावून खेळ नाही, दुसऱ्याचा फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय नाही, शेवटचा जाणारा पंखे-दिवे बंद करून झाडून जाणार. शिक्षा काय, हेही तिथेच लिहा. साधारण तीन दिवस प्रवेश बंद, एवढी पुरते. शिक्षा जोडीने एकट्याने ठरवायची नाही, टोळीने बसून ठरवायची.

मोठ्यांसाठीही नियम आहेत आणि ते जास्त महत्त्वाचे. कोणीही मोठा माणूस बंद दाराआड एकट्या मुलासोबत किंवा मुलीसोबत थांबणार नाही. कट्ट्यावरच्या मुलीला कोणी मोठ्याने खासगी मेसेज करायचे नाहीत. चाइल्डलाइनचा १०९८ आणि तातडीचा ११२ हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून काढा, कागद फाटतो. लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली, तर ती गावात बसून मिटवायची नाही. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

सावध : "मुलींसाठी मंगळवार-शुक्रवार" असे वार पाडायचा मोह होतो. सुरुवातीला मुलींचा हक्काचा एक वार ठेवायला हरकत नाही. पण बाकीचे सहा दिवस आपोआप मुलग्यांचे होत नाहीत ना, हे वहीतल्या आकड्यांवरून दर पंधरवड्याला बघा.

## ८. आधी चालवा, मग नारळ फोडा

उद्घाटन पहिल्या दिवशी करू नका. पंधरा दिवस गाजावाजा न करता नुसतं उघडा-बंद करा. त्यात चुका आपसूक दिसतात. क्लास साडेपाचला सुटत असेल तर पाच ही वेळ चुकली. दर गुरुवारी बाजार असेल तर त्या दिवशी कोणी येणार नाही. भारनियमन नेमकं सहाला असेल तर चार्जिंगचा दिवा लागेल. वेळा एकदा बदला आणि मग गोठवा. रोज बदलणाऱ्या वेळेवर कोणीच भरवसा ठेवत नाही.

पंधरा दिवसांत बारा दिवस दार वेळेवर उघडलं असेल तर उद्घाटनाची तारीख धरा. त्याहून कमी उघडलं असेल तर जोड्या बदला आणि पुन्हा पंधरा दिवस चालवा. कार्यक्रम अर्ध्या तासाचा ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर पुढाऱ्याच्या हस्ते काही करू नका, वहीच्या पहिल्या जोडीने दार उघडावं.

पहिल्या तीन महिन्यांत दोन तक्रारी नक्की येतात : "गोंगाट फार" आणि "पोरं-पोरी एकत्र बसतात". पहिलीवर स्पीकर बंद आणि कॅरम मागच्या भिंतीकडे. दुसरीवर वाद घालू नका. तक्रार करणाऱ्या आजोबांनाच बोलवा : "आजोबा, सोमवारी सहाला या, आम्हाला बुद्धिबळ शिकवा." जे येतात ते नंतर बाजू घेतात. जे येत नाहीत त्यांची तक्रार सरपंचांकडे गेली, तर वही आणि ठरावाची नक्कल घेऊन मोठ्या बाईंनी जावं, मुलांनी नाही.

## ९. परीक्षा, सुट्टी आणि पुढची टोळी

फेब्रुवारी-मार्चमध्ये कट्टा बंद करू नका, त्याचा वापर बदला. घरी जागा नसलेल्या दहावी-बारावीच्या मुलांना तिथे अभ्यासाला बसू द्या आणि कॅरम कपाटात ठेवा. दार मात्र नववीच्या जोडीने उघडायचं. मे महिन्यात निम्मी मुलं मामाच्या गावाला जातात. तेव्हा रोज उघडण्याचा हट्ट सोडून आठवड्यातले तीन ठरलेले वार ठेवा आणि ते दारावर खडूने लिहा.

जूनच्या पहिल्या रविवारी हस्तांतर. जुन्या टोळीने नव्या टोळीच्या हातात द्यायच्या वस्तू : ठरावाची नक्कल, अर्जाची पोच, वही, वस्तूंची यादी, तीन किल्ल्यांचा हिशेब, वायरमन आणि प्लंबरचे नंबर. वस्तूंची यादी वाचत एकेक वस्तू समोर मांडायची, नसलेल्या वस्तूपुढे "नाही" लिहायचं आणि दोन्ही टोळ्यांनी खाली सह्या करायच्या. ठरावाची वर्षाची मुदत ऑगस्टमध्ये संपते. तेव्हा मुदतवाढीचा अर्ज नव्या टोळीचं पहिलं काम, तोही जुलैतच आणि विषयपत्रिकेवर घेण्याच्या विनंतीसह.